बंद झालेला घडीचा चाकू: जपावा, विकत घ्यावा की सोडून द्यावा?

पुष्कळ घरांत कपाटाच्या एखाद्या खणात लाल मुठीचा, पांढऱ्या क्रॉसचा घडीचा चाकू पडलेला असतो. कुणी युरोपच्या सहलीहून आणलेला, कुणाला परदेशातल्या भाच्याने दिलेला, कुणाला कंपनीच्या कार्यक्रमात भेट मिळालेला. एक दिवस कुणीतरी तो हातात घेतं, पात्यावर ‘वेंगर’ हे नाव वाचतं आणि म्हणतं, ‘अरे, हे चाकू आता बनत नाहीत. जपून ठेव, पुढे सोन्याच्या भावाने जाईल.’ जुन्या बाजारातला विक्रेताही हेच सांगतो. फरक इतकाच, की त्याला तो सोन्याचा भाव आजच हवा असतो.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. वेंगर नावाने घडीचे चाकू आता बनत नाहीत. दुसरं वाक्य मात्र बहुतेक वेळा खोटं ठरतं. एखादी वस्तू बनायची थांबली म्हणून तिला संग्राहकाच्या लेखी किंमत येत नाही. नेमकं काय थांबलं, चांगल्या अवस्थेत किती नग उरले आणि ते शोधणारे लोक आहेत का, या तीन प्रश्नांची उत्तरं जुळली तरच चाकू संग्रहात जागा मागू शकतो. ते तीन प्रश्न कसे सोडवायचे, हे इथे पाहू. उदाहरणं मुख्यतः स्विस चाकूंची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या घरांत तेच जास्त सापडतात आणि त्यांचा इतिहासही नीट नोंदलेला आहे. पण याच कसोट्या अमेरिकी, फ्रेंच किंवा आपल्याकडच्या चाकूलाही लावता येतात.

बंद नेमकं काय झालं?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्विस सैन्याला प्रत्येक शिपायाच्या खिशात एक चाकू हवा होता. डबाबंद अन्न उघडायचं आणि नव्या रायफलीचे स्क्रू काढून ती साफ करायची, ही त्याची मुख्य कामं. १८९० मध्ये नमुना ठरला, पण एवढे चाकू वेळेत पुरवील असा कारखाना देशात नव्हता. म्हणून पहिला पुरवठा जर्मनीतल्या झोलिंगेन शहरातल्या वेस्टर कंपनीने केला. श्वीत्स प्रांतातल्या ईबाख गावी १८८४ पासून चाकू घडवणाऱ्या कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये हे काम स्वित्झर्लंडमध्ये आणलं. १९०९ मध्ये त्याची आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा त्याने तिचं नाव आपल्या मालाला दिलं. १९२१ मध्ये गंज न धरणारं पोलाद वापरात आलं आणि नाव झालं व्हिक्टोरिनॉक्स. दरम्यान पश्चिमेकडच्या फ्रेंच भाषक भागात, देलेमाँ गावी, वेंगरचा कारखाना उभा राहिला होता. भाषिक प्रांतांमध्ये कुरबुर नको म्हणून सरकारने १९०८ पासून सैन्याची मागणी दोघांत निम्मी निम्मी वाटून दिली. ही वाटणी जवळपास शंभर वर्षं टिकली. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली, २०१३ मध्ये दोन्ही चाकू एकाच नावाखाली आणायचं जाहीर केलं आणि त्यानंतर ‘वेंगर’ हा शिक्का पात्यावरून गेला.

आता या घटनेत काय संपलं ते पाहा. नाव संपलं, तेही फक्त चाकूंवरचं. वेंगरच्या बॅगा आणि घड्याळं आजही दुकानांत मिळतात. वेंगरच्या बऱ्याचशा रचनासुद्धा संपल्या नाहीत. बोटांच्या खोबणीप्रमाणे वळवलेली मूठ, १३० मिलिमीटरचा मोठा चाकू, नेलकटर असलेला ६५ मिलिमीटरचा छोटा चाकू, हे सगळं पुढे व्हिक्टोरिनॉक्सच्या नावाने चालू राहिलं. म्हणजे तुमच्या खणातल्या वेंगरची रचना पुढे चालू राहिलेल्यांपैकी असेल, तर त्यात आणि नंतरच्या चाकूत मुख्य फरक शिक्क्याचा. फक्त शिक्क्यासाठी पैसे मोजणारे संग्राहक असतात, पण थोडे, आणि तेही चाकू कोरा असला तरच. वेंगरच्या ज्या रचना पुढे कुणीच चालवल्या नाहीत, त्यांचं पारडं जड.

म्हणून ‘बंद झालाय’ असं ऐकलं की पुढच्यापैकी काय बंद झालंय ते विचारायचं:

१. कारखाना. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात एलनव्हिल इथे श्रेडचा कारखाना होता. तो २००४ मध्ये बंद पडला. नाव दुसऱ्या कंपनीने घेतलं आणि त्या नावाने चीनमध्ये बनलेले चाकू बाजारात आले. इथे ‘श्रेड’ हे नाव काहीच सांगत नाही. जुन्या कारखान्याचा ‘यू.एस.ए.’ असलेला शिक्का मात्र सगळं सांगतो.

२. मॉडेल. अवजारांची एखादी विशिष्ट जुळणी यादीतून निघून जाते. व्हिक्टोरिनॉक्सचे ‘मोटरिस्ट’ किंवा ‘योमन’ या प्रकारातले. शोधणाऱ्यांना हा प्रकार फार भावतो, कारण ती जुळणी आजच्या कुठल्याच चाकूत मिळत नाही.

३. आकार. फ्रान्सच्या ओपिनेलने १८९७ मध्ये १ ते १२ अशा बारा मापांची मालिका काढली. पुढे १ आणि ११ ही मापं बंद झाली. ८ नंबर आजही ढिगाने बनतो. म्हणून जुना ११ नंबर दिसला तर थांबावं, साधा ८ नंबर दिसला तर आधी तो किती जुना आहे ते पाहावं.

४. एखादं अवजार. मॉडेलचं नाव तेच राहतं, पण डबा उघडायच्या अवजाराचा आकार बदलतो, कात्रीची जोडणी बदलते, मागच्या बाजूला हुक वाढतो. असे बदल अभ्यासकासाठी सोन्याहून पिवळे. बाहेरच्या माणसाला ते दिसतही नाहीत.

५. रंग किंवा मुठीचं साहित्य. हे दर वर्षी बंद होत असतं, आणि बहुतेकदा पुढे बंद होणार हे ठरवूनच सुरू केलेलं असतं.

वरून खाली येत जाल तसं साधारणपणे महत्त्व कमी होत जातं. अपवाद आहेत, पण अपवादासाठी पुरावा मागावा.

किती बनले, किती उरले

व्हिक्टोरिनॉक्सने २०१७ मध्ये आपला पन्नास कोटीवा घडीचा चाकू पूर्ण केला. साध्या लाल चाकूबद्दल निर्णय घेताना हा एक आकडा पुरेसा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी हे चाकू पिशव्या भरभरून घरी नेले. पुढे ते पर्यटकांची आठवण, कंपन्यांची भेटवस्तू आणि स्काउटच्या मुलांचं पहिलं हत्यार झाले. त्यांतले लाखो अजून कुठल्या ना कुठल्या खणात आहेत. शिवाय २००१ नंतर विमानाच्या केबिनमधून चाकू न्यायला बंदी आली. तपासणीत सोडून दिलेल्या वस्तू अमेरिकेत किलोच्या हिशोबाने लिलावात विकल्या जातात आणि त्यांत स्विस चाकूंचा भरणा मोठा असतो. ज्या वस्तूचा पुरवठा असा वाहता आहे, तिची दुर्मिळता कागदावरच राहते.

सैनिकी चाकूचं उदाहरण याहून बोधक आहे. १९६१ चा नमुना म्हणजे ९३ मिलिमीटर लांब, ॲल्युमिनियमच्या खरखरीत रुपेरी मुठीचा, चार अवजारांचा चाकू. तो दोन्ही कारखान्यांनी २००८ पर्यंत सैन्याला पुरवला. मग आंतरराष्ट्रीय निविदा निघाली आणि १११ मिलिमीटरचा, एका हाताने उघडणारा, करवत आणि खटक्याचं कुलूप असलेला नवा नमुना आला. जुना सैनिकी चाकू बंद झाला हे निर्विवाद. पण चाळीसहून जास्त वर्षं तो बनत होता, म्हणून नग पुष्कळ आहेत. शिवाय हीच चार अवजारं आणि हीच मूठ असलेला, फक्त किल्लीची कडी वाढवलेला ‘पायोनियर’ आजही बनतो. तेव्हा सैनिकी चाकू गोळा करायचा तो त्यावरच्या वर्षासाठी. १९६० च्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांचे, न वापरलेले, किंवा एकाच वर्षाचे दोन्ही कारखान्यांचे जोडीने मिळणारे नग, यांना अर्थ आहे. मधल्या वर्षांचा, घासून पातळ झालेल्या पात्याचा एकटा नग फळं कापायला उत्तम.

‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांपासून सावध राहावं. जी वस्तू पहिल्या दिवसापासून संग्रहासाठीच विकली जाते, ती घेणारा प्रत्येक जण तिला डब्यातच ठेवतो. वीस वर्षांनी बाजारात सगळेच नग कोरे असतात आणि कुणालाच घाई नसते. खरी टंचाई येते ती लोकांनी बिनधास्त वापरलेल्या, मोडलेल्या आणि हरवलेल्या मालाची. सुताराने, मोटार मेकॅनिकने, सैनिकाने झिजवलेल्या मॉडेलचा एखादा कोरा नग वाचला असेल, तर तो खरा दुर्मिळ. वेंगरने एकदा ८७ अवजारांचा एक राक्षसी चाकू काढला होता. तो खिशात मावणं शक्यच नव्हतं. ती प्रदर्शनात ठेवायची वस्तू होती आणि तिचा हिशोबही तसाच करायचा.

पात्याच्या मुळाशी काय लिहिलंय

चाकू हातात आला की आधी मोठं पातं उघडून त्याच्या मुळाशी, मुठीला जिथे ते जोडलेलं असतं तिथे, पाहायचं. या भागाला संग्राहक ‘टँग’ म्हणतात. कारखान्याचा शिक्का इथे असतो. मुठीवरची रंगीत चिन्हं झिजतात, बदलता येतात. टँगवरचा ठसा पोलादात उठवलेला असतो.

स्विस चाकूत ‘व्हिक्टोरिया’ असा ठसा दिसला तर तो जुन्या काळातला. ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हा त्यानंतरचा. वेंगरच्या ठशात बहुधा देलेमाँचं नाव असतं. १९६१ च्या सैनिकी नमुन्यात मोठ्या पात्याच्या मुळाशी वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. नागरी विक्रीच्या तशाच चाकूवर ते नसतात. मुठीवरचं चिन्हही बोलतं. व्हिक्टोरिनॉक्सचा क्रॉस ढालीत असतो, वेंगरचा गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनात. ॲल्युमिनियमच्या मुठीवर पूर्वी साधा स्विस क्रॉस असलेली ढाल असे, नंतर तिथे कंपनीचं स्वतःचं चिन्ह आलं. या आधीच्या चाकूंना संग्राहक ‘ओल्ड क्रॉस’ म्हणतात आणि त्यांना थोडी जास्त मागणी असते.

अमेरिकेच्या केस कंपनीने तर वर्ष ओळखायची सोयच करून ठेवली. १९७० मध्ये टँगवरच्या शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी करत नेला. भिंग घेऊन ठिपके मोजले की त्या दशकातलं वर्ष हाती येतं. असा पक्का पुरावा असलेला चाकू गोळा करणं सोपं जातं, कारण विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. लाल मुठीचा, बुचाच्या स्क्रूचा चाकू ‘सैन्याने दिलेला’ म्हणून विकला जातो. १८९७ मध्ये नोंदवलेला हा ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ सैन्याने कधी अधिकृतपणे वाटला नाही. अधिकारी तो आपल्या पैशाने घेत. शिपायांना मिळायचा तो वेगळा. सुरुवातीच्या नमुन्यात लाकडी मूठ, पुढे फायबरची आणि १९६१ पासून ॲल्युमिनियमची, आणि त्यात बुचाचा स्क्रू नाही. तेव्हा लाल चाकूला ‘लष्करी’ म्हणणारा विक्रेता एक तर अजाण आहे, नाहीतर तुम्हाला अजाण समजतोय.

हातात घेऊन तपासायचा क्रम

पुढची तपासणी दुकानात उभ्या उभ्या होते. क्रम मात्र पाळावा, कारण पहिल्या दोन कसोट्यांत नापास झालेला चाकू पुढे तपासण्यात अर्थ नाही.

*पात्याची रुंदी.* वर्षानुवर्षं धार लावून पातं अरुंद होतं आणि टोक खाली उतरतं. त्याच मॉडेलच्या नव्या पात्याचं चित्र मोबाइलवर ठेवून शेजारी धरून पाहा. पातं घासलेलं असेल तर संग्रहमूल्य बरंचसं गेलं, कारण घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

*गंज.* वरवरचा तांबूस थर पुसून जातो. पण नखाला खड्डे लागले तर ते कायमचे. स्टेनलेस पोलादाच्या चाकूतही सांध्याच्या आत गंज धरतो, म्हणून प्रत्येक अवजार उघडून आत डोकवा.

*उघडणं आणि मिटणं.* प्रत्येक अवजार उघडताना दाब एकसारखा लागला पाहिजे आणि मिटताना स्वच्छ ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज मंद असेल तर कधी कधी आत नुसता मळ असतो. पातं आडवं हलत असेल तर रिव्हेट सैल झालेला आहे. मिटलेल्या अवस्थेत पात्याची धार आतल्या स्प्रिंगला लागून खाच पडली आहे का, तेही पाहावं.

*मूठ.* लाल प्लास्टिकच्या मुठीच्या पट्ट्या दाबून बसवलेल्या असतात आणि सहज बदलता येतात. म्हणून नवीकोरी चकचकीत मूठ आणि आत झिजलेलं पातं अशी जोडी दिसली तर मूठ बदलली आहे असं समजा. ॲल्युमिनियमची मूठ रिव्हेटने ठोकलेली असते. ती बदललेली सहसा नसते. उलट तिच्यावरचे ओरखडे प्रामाणिक असतात.

*सुटे भाग.* दातकोरणी आणि चिमटा नसतील तर घाबरू नका, ते मिळतात. पण ते जुन्या ढंगाचेच हवेत असा हट्ट असेल तर खर्च वाढतो. कात्रीची छोटी स्प्रिंग मोडणं ही नेहमीची गोष्ट आहे. तेवढ्यावरून चांगला नग सोडू नये.

*कोरलेली नावं.* कंपनीचं बोधचिन्ह किंवा कुणाचं नाव असेल तर सर्वसाधारण खरेदीदार कमी पैसे देतो. मात्र ते नाव एखाद्या बंद पडलेल्या विमान कंपनीचं किंवा मोहिमेचं असेल, तर त्याच विषयाचे संग्राहक ते शोधत असतात.

*डबा आणि कागद.* मूळ डबा, किमतीची चिठ्ठी, दुकानाची पावती यांनी किंमत वाढते. कारण खरेदीची वेळ त्यांवरून सिद्ध होते.

नकली माल हा वेगळा विषय, पण त्याची भीती अवाजवी आहे. लाल मूठ आणि क्रॉस असलेले स्वस्त चाकू आपल्याकडच्या रस्त्यांवर ढिगाने मिळतात. त्यांच्या टँगवर कारखान्याचं नाव नसतं, असलं तर अक्षरं वाकडी असतात. अवजारांमध्ये फटी असतात आणि ती एकमेकांना घासतात. खरी फसवणूक असते ती जोडकामाची: एका चाकूचं पातं, दुसऱ्याची मूठ, तिसऱ्याचा डबा. रिव्हेटच्या डोक्यांवर हातोडीच्या ताज्या खुणा दिसल्या, किंवा अवजारांची झीज एकसारखी नसली, तर असा चाकू संग्रहासाठी घेऊ नये.

किंमत कशी समजून घ्यायची

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुणीही कितीही मागू शकतो. इंटरनेटवरच्या लिलावांत ‘विकले गेलेले’ नग वेगळे पाहता येतात. तेवढेच पाहावेत. तेही एक-दोन नव्हे, काही महिन्यांतले, आणि तुमच्या नगाच्या अवस्थेशी जुळणारे. एखादा चाकू वर्षानुवर्षं त्याच चढ्या भावात विक्रीला दिसतो. त्याचा अर्थ त्या भावाला गिऱ्हाईक नाही, एवढाच.

भारतातून खरेदी करताना कुरिअरचा आणि कस्टम्सचा खर्च धरूनच बेरीज करावी. चाकूची पार्सलं अडकतात, उघडली जातात, कधी परतही जातात. म्हणून परदेशातला नातेवाईक येताना चेक-इन सामानात घेऊन येईल, तोवर थांबण्यात शहाणपण आहे. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे नग हातात घेऊन पाहता येतो, घासाघीस करता येते. तिथे बहुधा वापरलेलाच माल असतो, पण डोळा तयार व्हायला यासारखी दुसरी शाळा नाही.

विकायची वेळ आली तर आणखी एक हिशोब लक्षात ठेवावा. या छंदाचा भारतीय बाजार लहान आहे. जो नग युरोपात महिन्याभरात खपेल, त्याला इथे गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागू शकतं. म्हणून ‘गुंतवणूक’ म्हणून चाकू घेणाऱ्याने बँकेतली मुदत ठेव केलेली बरी. चाकू घ्यायचा तो घरात असलेला आवडेल म्हणूनच.

कायद्याची बाजू

भारतातल्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले जातात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातला साधा स्विस चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. पण घरात ठेवणं आणि अंगावर बाळगून हिंडणं या दोन गोष्टी वेगळ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शहरांत अधूनमधून मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू-सुरे बाळगायलाही बंदी असते. सणासुदीला, निवडणुकीच्या काळात हे आदेश नेहमीचेच. संग्रहातला नग दाखवायला न्यायचा असेल तर तो डब्यात, बॅगेच्या तळाशी न्यावा. विमानाच्या केबिनमध्ये कुठलाच चाकू नेऊ नये.

बटण दाबताच पातं बाहेर येणाऱ्या चाकूंच्या बाबतीत जास्त जपून राहावं. हिंदी सिनेमाने घराघरांत पोहोचवलेला रामपुरी हे आपल्याकडचं उदाहरण. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ही कला, पण लांब पात्यांवर १९९० च्या दशकात आलेल्या निर्बंधांनी तिला उतरती कळा लागली. तिथे कारखान्याची नोंदवही नाही, वर्षाचा शिक्का नाही. नग ओळखायचा तो कारागिराच्या हातावरून. असा जुना चाकू घराण्यात आलेला असेल तर विकण्याआधी किंवा दुसऱ्या शहरात नेण्याआधी कायदा जाणणाऱ्याला विचारावं.

घेतला, आता ठेवायचा कसा?

आपल्याकडे चाकूचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा सांध्यांत जाऊन बसतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, चाकू उघडून मऊ कपड्याने पुसावा आणि सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल वापरू नये, काही महिन्यांत ते चिकट होऊन उलट मळ धरतं. चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नये. चामडं ओलावा धरतं आणि पितळेवर हिरवट थर येतो. म्यान वेगळं, चाकू वेगळा, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी, ही साधी पद्धत उत्तम.

फार जुन्या चाकूंच्या मुठी सेल्युलॉइडच्या असू शकतात. काळानुसार हे साहित्य कुजायला लागतं, त्यातून निघणारी वाफ शेजारच्या पोलादाला गंजवते. मुठीला कापरासारखा उग्र वास येत असेल, तडे दिसत असतील, तर तो चाकू बाकीच्यांपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावा.

आणि पुढच्या गोष्टी करायच्याच नाहीत: पॉलिशच्या चाकावर चमकवणं, ‘जरा धार लावून’ घेणं, मुठीवर वॉर्निश चढवणं. दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाठवतानाही विचार करावा. व्हिक्टोरिनॉक्सची हमी दीर्घकाळाची असते आणि वापराच्या चाकूसाठी ती सोय छानच आहे. पण दुरुस्तीत जुना भाग जाऊन आजचा भाग बसू शकतो. वापरणाऱ्याचा त्यात फायदा आहे, संग्राहकाचं नुकसान.

निर्णय

आता चाकू समोर ठेवा आणि सुरुवातीचे तीन प्रश्न विचारा. यात बंद झालेलं असं काय आहे जे आज दुसरीकडे मिळत नाही, आणि ते शिक्क्यावरून सिद्ध होतं का? पातं मूळ रुंदीचं, सांधे स्वच्छ आणि मूठ मूळचीच आहे का? गेल्या काही महिन्यांत असे नग खरोखर विकले गेले आहेत का?

तिन्हींना ‘हो’ असेल, तर घ्या. भाव थोडा जास्त वाटला तरी हरकत नाही, असे नग सारखे समोर येत नाहीत. पहिल्या दोघांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असेल, तर तो तुमच्या आवडीचा चाकू आहे. आवडीपुरतेच पैसे द्या आणि परत मिळतील अशी आशा धरू नका. पहिल्याला ‘हो’ पण अवस्था खराब, तर अभ्यासाचा नमुना म्हणून स्वस्तात मिळाला तरच घ्या. चांगला नग मिळेपर्यंत जुन्या रचनेची ओळख त्यावरून होते. पहिल्यालाच ‘नाही’ असेल, तर तिथेच थांबा.

सुरुवात करणाऱ्याने विषय अरुंद ठेवावा. ‘जुने चाकू’ हा विषय कधीच संपत नाही, आणि त्यात खिसा मात्र लवकर संपतो. ‘१९६१ च्या नमुन्याचे सैनिकी चाकू, वर्षानुसार’, ‘ओल्ड क्रॉसच्या ॲल्युमिनियम मुठी’, ‘ज्यांची जुळणी पुढे कुणीच चालवली नाही असे वेंगर’ असा एखादा विषय धरला, की काय घ्यायचं याइतकंच काय नाकारायचं हेही स्पष्ट होतं. प्रत्येक नगाबरोबर एक कार्ड ठेवावं: मॉडेल, माप, शिक्क्यावरची अक्षरं, कुठून घेतला, किती दिले, काय बदललेलं आहे. पुढे विकताना किंवा मुलांकडे सोपवताना या कार्डाशिवाय तुमचा संग्रह म्हणजे पुन्हा एक खणभर चाकूच.

आणि खणात सापडलेला तो वेंगर? त्याने आजोबांनी बाजारातून आणलेले पेरू कापले असतील, पातं घासून अरुंद झालं असेल, मुठीचा लाल रंग विटला असेल, तर बाजारात त्याला फारसं कुणी विचारणार नाही. तरीही त्याचं एक कार्ड करा. त्यावर मालकाचं नाव आणि तो चाकू घरात कसा आला तेही लिहा, आणि मग सांध्यांत तेल सोडून खुशाल वापरायला घ्या. ज्याला बाजारभावच नाही, तो वापरून कमी होणार नाही.